आयता ब्राउझर

ताईचं म्हणणं असं, की नवा फोन घेतला की माणूस त्याचं कव्हर निवडायला स्टेशनबाहेरच्या दुकानापुढे अर्धा तास उभा राहतो आणि ज्यातून सगळं वाचायचं-बघायचं तो ब्राउझर मात्र फोनात येईल तो मुकाट्याने वापरतो. माझ्या मुलाचं म्हणणं असं, की कव्हरांमध्ये निवडण्यासारखं काही तरी असतं. ब्राउझरांमध्ये काय आहे? आत सगळं एकच, वरचा रंग तेवढा वेगळा.

दोघंही आपापल्या जागी जाणकार. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, मुलुंड पूर्वेला राहते आणि फोनातली एकही सेटिंग तिने न उघडता सोडलेली नाही. मुलगा अंधेरीच्या एमआयडीसीत टेस्टर आहे. कंपनीने बनवलेली वेबसाइट वेगवेगळ्या फोनांवर नीट चालते की नाही हे तपासायचं आणि न चालल्यास बग टाकायचा, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. पूर्वी ताईला आमच्याकडे बोरिवलीला यायचं तर दादरला वळसा पडे. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून ती मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी आणि मग विरार गाडी टाळून बोरिवली लोकल अशी येते. येताना वाटेत काहीतरी वाचते आणि आल्या आल्या वाद काढते. त्या रविवारी ब्राउझरचा निघाला.

"तू क्रोम का वापरतोस?" तिने मला विचारलं.

"फोनमध्ये होतं म्हणून."

"बघ! दहातली नऊ माणसं हेच सांगतील."

"अगं आत्या, सांगू देत की," मुलगा म्हणाला. "भारतात मोबाइलवर दहापैकी नऊच्या आसपास क्रोमच आहे. चालतंय, वेगात चालतंय, मराठीत चालतंय. बिघडलं काय?"

"बिघडलं हे, की आम्ही निवडायचो आणि तुम्ही निवडत नाही," असं म्हणून ताई सरळ नोकियाच्या काळात शिरली.

ताईच्या खात्यातल्या आठवणी मी एरवी अर्ध्यावर तोडतो, पण ही ऐकण्यासारखी आहे, कारण मोबाइलवर मराठी वाचण्याचा हा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. साध्या नोकियावर मराठी पेपरची साइट उघडली की अक्षरांच्या जागी ओळीने चौकोन दिसत. फोनात देवनागरी फॉन्टच नसे. त्यावर उतारा होता ऑपेरा मिनी. नॉर्वेच्या कंपनीचा हा ब्राउझर २००६ च्या सुरुवातीला जगभर खुला झाला होता आणि जावा चालणाऱ्या जवळजवळ कुठल्याही फोनात बसत असे. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत ऑपेरा, मग कोलन, मग कॉन्फिग एवढंच टाइप करायचं. एक कोरडं इंग्रजी पान उघडे. त्यात खाली कुठेतरी 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी ओळ आणि तिच्यापुढे 'नो'. त्याचं 'येस' करायचं, सेव्ह दाबायचं आणि पेपरची साइट पुन्हा उघडायची. चौकोन गायब, मराठी हजर. ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून फोनला पाठवायचा, फोनाला फक्त चित्रं दाखवायचं काम उरे.

"आमच्या एक्स्चेंजमधल्या निम्म्या बायकांच्या फोनात ते 'येस' मी करून दिलंय," ताई म्हणाली.

"चित्रं म्हणजे डेटा जास्त खर्च होणार," मुलगा म्हणाला. हा त्याचा स्वभाव.

"व्हायचा ना. पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे पडायचे. म्हणजे एका एमबीला जवळपास दहा रुपये! पण बाकीचं पान ऑपेरा तिकडेच पिळून, बारीक करून पाठवायचं, म्हणून परवडायचं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं तर बॅलन्स डोळ्यांदेखत उतरायचा."

"आणि पिळायचं तर आधी उलगडायला हवं. म्हणजे तू जे बघत होतीस ते सगळं आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडं होत होतं. अगदी पासवर्डसुद्धा."

"पासवर्ड टाकण्यासारखं होतं काय त्या फोनवर? मी पेपर वाचत होते."

हे उत्तर मुलाला पुरलं नाही, मला पुरलं. काय उघडं पडतंय आणि त्याची किंमत आपल्याला किती, हा हिशेब ताईने तेव्हा मनात केलेला होता. आज तो करणारी माणसं मला फारशी भेटत नाहीत.

"बरं, तुझंच सांग," ताईने मोर्चा वळवला. "कॉलेजात तू काय वापरायचास?"

मुलगा हसला. "यूसी."

यूसी ब्राउझर आज तरुणांना आठवतही नसेल, पण २०१५-१६ च्या सुमाराला स्टॅटकाउंटरच्या आकड्यांनुसार भारतातलं मोबाइलवरचं निम्म्याच्या आसपास ब्राउझिंग त्यातून होत होतं. क्रोम मागे होतं. स्वस्त हँडसेटवर तो हलका चालायचा, डेटा वाचवायचा आणि मुख्य म्हणजे डाउनलोड मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करायचा. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेलने मुंबई सेंट्रलला फुकट वाय-फाय चालू केलं, मग एकेका उपनगरी स्टेशनावर ते आलं. गाडी सुटायच्या आत पिक्चर फोनात उतरवायचा म्हणून पोरं प्लॅटफॉर्मवर रेंगाळायची. त्यांच्या हातात यूसी असायचा, कारण तुटलेलं डाउनलोड जोडून घेणं त्यालाच नीट जमायचं.

"तो आपणहून निवडलेला ब्राउझर होता ना? मग ऐक," मुलगा म्हणाला. "२०१४ मध्ये अलीबाबाने ती कंपनी घेतली. २०१५ च्या मे महिन्यात टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने अहवाल काढला, की हा ब्राउझर लोक काय शोधतात ते उघड्यावर पाठवतो. चिनी आवृत्तीत तर फोनाची ओळख आणि ठावठिकाणासुद्धा कच्च्या कुलपात जात होता. अहवाल आला, छापून आला. आम्ही काय केलं? वापरत राहिलो. शेवटी २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप्स बंद केली त्यात यूसी गेला. गलवानच्या चकमकीनंतर. म्हणजे आम्ही आपणहून निवडलेला ब्राउझर कुणी काढला? वापरणाऱ्यांनी नाही, सरकारने."

हा टोला बसला. ताई चहाचा कप हातात घेऊन थोडा वेळ गप्प राहिली.

"निवडलं ते चुकीचं निघालं, म्हणून निवडायचंच नाही?" ती मग म्हणाली. "क्रोम फोनात आलं ते कुणी तपासून ठेवलं होतं?"

इथे मला स्वतःचं एक म्हणणं मध्ये घालायचं आहे. ऑपेरा मिनी घेतला तो मराठी दिसावी म्हणून, यूसी घेतला तो डेटा वाचावा म्हणून. गरज होती, म्हणून माणसं शोधत गेली, एकमेकांना सांगत गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला. फोनात देवनागरी आधीपासूनच येऊ लागली होती. दोन्ही गरजा संपल्या आणि त्यांच्याबरोबर शोधही संपला. क्रोमने डेटा वाचवणारा आपला 'लाइट मोड' मार्च २०२२ मध्ये बंद केला, तेव्हा बोरिवली-चर्चगेट गाडीत कुणी हळहळल्याचं ऐकलं नाही. तेव्हा कोणता ब्राउझर चांगला हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कशासाठी, हे आधी ठरायला हवं. आता आपली अडचण काय आहे?

मुलाचं उत्तर तयार होतं: अडचण नाहीच. "आणि निवडायचं म्हणालीस तरी काय निवडशील? ब्रेव्ह, एज, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर, झोहोचा 'उला', सगळे क्रोमियमवर उभे. क्रोमियम गूगलचं. आयफोनवर तर त्याहून गंमत. युरोपसारखे अपवाद सोडले तर तिथे प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच इंजिन वापरावं लागत आलंय. आयफोनवरचं क्रोम म्हणजे क्रोमच्या वेषातली सफारी."

"उला भारतीय आहे ना?"

"भारतीयच. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये देशी ब्राउझरची स्पर्धा काढली होती. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहो पहिली आली, एक कोटीचं बक्षीस. पण पाया क्रोमियमचाच."

"मग स्पर्धा कशाला?"

यावर मुलाने जे सांगितलं ते मला नवं होतं. आपण ज्या साइटवर आहोत ती खरोखर तीच आहे, असं सांगणारी डिजिटल प्रमाणपत्रं असतात. कुणी दिलेली प्रमाणपत्रं खरी मानायची, याची यादी प्रत्येक ब्राउझर किंवा फोन स्वतःपाशी ठेवतो. जुलै २०१४ मध्ये आपल्या सरकारी एनआयसीच्या नावे गूगलच्या पत्त्यांसाठी बनावट प्रमाणपत्रं निघाल्याचं उघडकीला आलं आणि बड्या कंपन्यांनी ती देणाऱ्या भारतीय यंत्रणेवरचा विश्वास काढून घेतला. भारत सरकारच्या प्रमाणपत्र व्यवस्थेवर चालणारी साइट जगातले ब्राउझर आपोआप खरी मानत नाहीत. देशी ब्राउझरच्या स्पर्धेत म्हणूनच एक अट अशी होती, की त्याच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र हवं.

"म्हणजे कोण खरं हे ठरवणारी यादी कॅलिफोर्नियात बनते," ताई म्हणाली. "आणि तू म्हणतोस ब्राउझरमध्ये निवडण्यासारखं काही नाही!"

"आत्या, त्याच यादीने २०१४ ला आपल्याला वाचवलं."

दोघंही बरोबर होते, आणि या मुद्द्यावर घरबसल्या आपण काही करू शकत नाही, म्हणून मी भजी पुढे केली.

ताईचं खरं हत्यार निराळं होतं. तिने माझा फोन मागितला, तिचा बाजूला ठेवला आणि दोन्हीवर एकाच मराठी बातम्यांच्या साइटवरची एकच बातमी उघडली. माझ्या क्रोमवर प्रथम 'सूचना पाठवू का' असा चौकोन आला. तो घालवला तर वरून एक पट्टी सरकली. बातमीच्या पहिल्या परिच्छेदाखाली गुडघेदुखीची जाहिरात, दुसऱ्याखाली एक व्हिडिओ, जो आपोआप सुरू झाला. तळाला चिकटलेली आणखी एक पट्टी, तिची फुली ज्वारीच्या दाण्याएवढी. फुलीवर बोट ठेवलं, पान हललं, बोट पडलं जाहिरातीवर, आणि मी कुठल्याशा कर्जाच्या पानावर पोचलो. ताईच्या फोनवर मथळा, फोटो आणि बातमी. मधली जागा पांढरी.

तिच्याकडे फायरफॉक्स आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोमला बाहेरची जोडणी, म्हणजे एक्स्टेंशन, लावता येत नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवर ती सगळ्यांना मोकळी केली. त्यातलं यूब्लॉक ओरिजिन तिने घातलंय. ते फुकट आहे आणि जाहिराती व मागावर राहणारे कोड पान उघडतानाच अडवतं. ब्रेव्हमध्ये हे न मागता मिळतं.

"इंजिन एक असेना," ती म्हणाली. "क्रोम हे का करत नाही ते सांग. गूगलची कमाई कशावर?"

"जाहिरातीवर," मुलगा म्हणाला. "आणि त्या बातमीदाराची कमाई कशावर? तू त्याची बातमी वाचलीस आणि पैसे यायची वाट बंद केलीस. सगळ्यांनी असं केलं तर मराठी साइट बंद पडतील. इंग्रजीवाले वर्गणी घेऊन जगतील, मराठीला वर्गणी कोण देतो?"

"मी दारात रोज पेपर घेते. दिवाळीला अंक विकत घेते. तू किती घेतलेस?"

मुलाने भजं उचललं. पण त्याचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही, असं माझं मत आहे. साध्या, जागच्या जागी असलेल्या जाहिरातीबद्दल ताईचीही तक्रार नव्हती. छापील पेपरातल्या जाहिराती ती आवडीने वाचते, साड्यांच्या सेलच्या तर कापून ठेवते. ज्वारीएवढ्या फुलीचा धंदा वेगळा. तिथे वाचकाचं बोट घसरावं हीच योजना असते. ती करणाऱ्याने वाचक रुसला म्हणून रडू नये.

मग ताईने पैशांचा दुसरा मुद्दा काढला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. आयोगाने धरलेल्या गैरवापरांत एक हा होता, की प्ले स्टोअरवरच्या पकडीच्या जोरावर क्रोम पुढे रेटलं गेलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही आदेश काढून टाकले, दंड मात्र कायम ठेवला. "फोनात आयतं आलं ते असं आलं," ताई म्हणाली.

"आणि तुझा फायरफॉक्स जगतो कशावर माहितीये?" मुलगा बहुधा याचीच वाट बघत होता. "मोझिला ही ना-नफा संस्था. तिचं बहुतेक उत्पन्न गूगलकडून येतं, फायरफॉक्समध्ये गूगल सर्च आयतं ठेवायचे पैसे. ॲपललाही मिळतात. २०२२ या एका वर्षात दोन हजार कोटी डॉलर दिले, अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. तू गूगलपासून पळून ज्याच्या घरी गेलीस, त्याचं भाडं गूगल भरतंय."

ताईला हे माहीत होतं की नाही, कळलं नाही. तिने विचारलं एवढंच, "मग तुझ्या कंपनीत फायरफॉक्सवर साइट तपासता की नाही?"

मुलगा थोडा अडखळला. "रिलीजच्या आधी क्रोम आणि सफारी पूर्ण. फायरफॉक्स वेळ उरला तर."

"उरतो?"

"क्वचित."

"म्हणजे तुम्ही तपासत नाही म्हणून साइट त्यात नीट चालत नाही, चालत नाही म्हणून लोक घेत नाहीत, आणि लोक घेत नाहीत म्हणून तुम्ही तपासत नाही. आमच्या वेळी सरकारी साइटवर लिहिलेलं असायचं, फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडा. तेव्हा तुम्ही पोरं हसायचात. आता न लिहिता तेच करताय."

टेस्टरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं, आणि त्याने उगाच दिलंही नाही. मग विषय निघाला तो इन्कॉग्निटोचा, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या खिडकीचा, आणि त्यावर दोघांचं एकमत झालं: त्याने घरातल्या माणसांपासून इतिहास लपतो, साइटपासून आणि गूगलपासून नाही. अमेरिकेत याच कारणावरून २०२० मध्ये दावा लागला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

फसवणुकीच्या विषयावर मात्र मुलगा वरचढ ठरला, कारण हे रोज बघण्यातलं आहे. आमच्याकडे एमएच-०२ ची जुनी स्कूटर आहे, बोरिवलीला एमएच-४७ मिळायच्या आधीची. २०२४ च्या अखेरीला एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे ती एचएसआरपी, लावायचा राज्यात फतवा निघाला, मुदत वाढत गेली आणि तेवढ्यात बनावट साइटही निघाल्या. गोम अशी, की खरं बुकिंगदेखील ठेकेदार कंपन्यांच्या साइटवर व्हायचं आणि त्यांचे पत्ते सरकारी नव्हते. मग खरा कुठला ओळखायचा?

"बाबा, कुलपाचं चित्र बघून ओळखत होतास," मुलगा म्हणाला.

"नव्हतो," मी म्हणालो. "मी परिवहन विभागाच्या साइटवरून आत गेलो."

"बरोबर केलंस. कुलूप चोरालाही मिळतं, फुकट. म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये पट्टीतलं कुलूपच काढलं. लोक त्याला खरेपणाचा शिक्का समजत होते. पत्ता वाचायचा. एचटीटीपीएसपुढच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेपाशी जायचं आणि तिथून मागे वाचायचं. तिच्या अगदी आधी डॉट जीओव्ही डॉट इन असेल तर सरकार. जीओव्ही आधी कुठेतरी असून शेवटी डॉट कॉम, डॉट ऑनलाइन काही असेल, तर ते कुणाचंही असू शकतं. बँकांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत डॉट बँक डॉट इन वर यायला लावलं ते याचसाठी. फोनवर खाली सरकलं की पट्टी लपते, मग पान वर ओढायचं, पट्टीवर बोट ठेवायचं आणि पूर्ण बघायचं. हे कुठल्याही ब्राउझरमध्ये करता येतं. म्हणून म्हणतो, ब्राउझर कुठला यापेक्षा ही सवय महत्त्वाची."

"पण सर्चमध्ये सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेले निकाल येतात, त्यात पैसे भरून कुणीही बसतो," ताई म्हणाली. "माझ्याकडे ते दिसतच नाहीत. पत्ता वाचायला चष्मा शोधेपर्यंत माणूस दाबून मोकळा होतो रे."

साठी उलटलेल्या माणसाचा हा मुद्दा तिशीतल्या टेस्टरला पूर्ण कळेल असं नाही. मला कळतो. सवय हवीच. पण संध्याकाळी, थकलेल्या डोळ्यांनी, गाडीत उभं राहून सवय पाळली जात नाही, तेव्हा चुकीची दारं समोर कमी असलेली बरी.

"ठीक आहे," मुलगा म्हणाला. "पण सगळ्यात मोठी गोष्ट अपडेट. क्रोमला सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. पासवर्ड टाकायच्या साइट फोनात वेगळ्या कोंडून ठेवायची व्यवस्था क्रोमने अँड्रॉइडवर २०१९ पासून आणली. फायरफॉक्सने अशी कोंडायची व्यवस्था कॉम्प्युटरवर २०२१ मध्ये आणली, मोबाइलवर मागे राहिला. बाबासारख्या माणसाने क्रोम ठेवावं, अपडेट चालू ठेवावं, विषय संपला. दे फोन, बघू."

त्याने माझ्या क्रोमच्या सेटिंगमध्ये शेवटी जाऊन आवृत्ती बघितली. १३८. मग प्ले स्टोअर उघडलं. अपडेटचं बटण नाही. मग फोनाच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' वर गेला. अँड्रॉइड ९.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. क्रोमने ऑगस्ट २०२५ मध्ये १३९ वी आवृत्ती काढली तिला किमान अँड्रॉइड १० लागतं. जुन्या फोनांना १३८ वर सोडून दिलं. दर आठवड्याच्या त्या दुरुस्त्या माझ्या फोनात कधीच्या थांबल्या होत्या, कुठलाही चौकोन उघडून कुणी मला सांगितलं नव्हतं.

"फायरफॉक्स?" ताईने अगदी हळू विचारलं.

"आठपर्यंत चालतो अजून," मुलगा म्हणाला. "पण आत्या, हा काही उपाय नव्हे. फोनाच्या स्वतःच्या दुरुस्त्याही थांबल्यात. बाकीची ॲप्स आतून वेबची पानं दाखवतात तो भागही जुनाच राहणार. फोन बदलायला हवा."

"चालतोय की," मी म्हणालो. चालतोय तो फोन टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं. उपनगरांत अशा चालत्या फोनांची कमी नाही: नातवाने आजोबांना दिलेले, मालकिणीने कामवाल्या बाईंना दिलेले. त्यांच्यावर क्रोम आहे, उघडतं, पानं दाखवतं. आयत्या ब्राउझरची ही बाजू मला जाहिरातींपेक्षा जास्त खटकली. तो न विचारता येतो आणि निघून जातो तेही न सांगता. ही आमच्यासारख्यांची आजची गरज, आणि ती ना ताईने मांडली होती ना मुलाने.

मुलाने मग मुकाट्याने फायरफॉक्स उतरवला, त्याची भाषा मराठी केली आणि यूब्लॉक घातलं. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, ब्राउझर अशी वाट काढत क्रोमच्या जागी त्याला बसवलं, म्हणजे व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की इकडे उघडेल. एक अट घातली: या फोनवर नवा येईपर्यंत वाचायचं, बघायचं, पण बँकेचं काही करायचं नाही. ताईला ती अट पटली, तिने स्वतःच्या फोनाचं अँड्रॉइडही लगेच तपासून घेतलं. १३ निघालं, तेव्हा सुटल्यासारखी हसली.

सर्च कुठलं ठेवायचं यावर पुन्हा जुंपली. ताईने डकडकगो सुचवलं. मुलाने त्यात मराठीत 'सातबारा उतारा' टाकला, मग गूगलवर तेच टाकलं आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवले. महाभूमीची सरकारी साइट गूगलवर वरच होती, तिकडे खाली सरकावं लागलं. माझं बरंचसं शोधणं मराठीतच असतं, म्हणून गूगल ठेवलं. म्हणजे आता माझ्या शोधांपायी गूगलचे थोडे पैसे मोझिलाकडे जाणार. ताईला हा हिशेब मुळीच आवडला नाही आणि मुलगा तो आठवडाभर ऑफिसात सांगत होता.